रफूचा उजेड

मालक सकाळीच आला आणि काही न बोलता रफूवाल्या मावशीच्या खिडकीवर वीत टाकत चालू लागला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग खालपासून वरपर्यंत. मावशीच्या मांडीवर कुणाचा तरी काळा कोट होता, कोपरापाशी जळलेला. तिनं सुई हवेतच थांबवली.

"मालक, खिडकीला सदरा शिवताय की काय?"

"माप घेतोय, वहिनी. मोठी काच बसवायची म्हणतात."

"कोण म्हणतात?"

मालक खिडकीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मागचा भाग तुमच्याकडे राहीलच. मधे भिंत घालू. मागची बाजू कोरडी आहे, उबदार आहे. तुम्हाला काय, वहिनी, एकटा जीव."

"मागं खिडकी कुठाय?"

"दिवा लावून देईन ना. चांगला, पांढरा."

मावशी हसली. हसताना सुई तिनं पदरात खोचली, आणि सुई पदरात गेली म्हणजे काम थांबलं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालकानं ते पाहिलं, घसा खाकरला, आणि आल्या पावली गेला.

हे सगळं वरच्या जिन्यात उभी राहून नकाशेबाईनं ऐकलं. नकाशेबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. ती विद्यापीठातून आली होती. या गल्लीत माणसं कुठून कुठून येतात, कशी रुजतात आणि मग उठून कुठं जातात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यातच राहावं, म्हणून तिनं मावशीच्या डोक्यावरची खोली भाड्यानं घेतली होती. दिवसातून चार वेळा गल्ली पायाखाली घालायची, कोण कुठल्या ओट्यावर बसलंय ते टिपायचं, जो बोलेल त्याच्याशी चालत चालत बोलायचं, आणि घरी येऊन नकाशावर रंगीत ठिपके लावायचे, असं तिचं काम. आलेल्यांचा ठिपका निळा, गेलेल्यांचा राखाडी.

ती खाली आली तेव्हा मावशी कोट खिडकीत धरून बसली होती, पण शिवत नव्हती.

"ये. ऐकलंस ना? जिना वाजत नव्हता, म्हणजे तू उभी होतीस."

"मावशी, तो असं करू शकतो?"

"तो काहीही करू शकतो. माझ्या सहीशिवाय मला काढू तेवढं शकत नाही, जुनी भाडेकरू आहे मी. पण नळ बिघडेल, भिंत खणायला माणसं येतील, दाराशी वाळू पडेल. माणसाला काढायला हात लावावा लागत नाही, बाई. बरं, तुझ्या नकाशात गेलेल्यांचा रंग कोणता गं?"

"राखाडी."

"राखाडी मला शोभत नाही. जांभळा लाव."

नकाशेबाईला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. ती उंबऱ्यावर बसली. समोर गल्ली उलगडून पडली होती. जिथं चाव्या करणारा बसायचा तिथं आता साबणांचं दुकान होतं, साबण वड्यांसारखे काचेत मांडलेले. जिथं गाद्या पिंजायचे तिथं एक दार होतं, नुसतंच निळं, त्यावर पाटी नाही. ज्यांना ठाऊक आहे ते आत जातात, एवढंच गल्लीला ठाऊक.

मावशीची खिडकी उत्तरेची होती. तिच्यात ऊन कधी येत नसे, आणि तेच तिचं मोल होतं. ऊन आलं की सावली हलते आणि सावली हलली की धागा चुकतो. उत्तरेचा उजेड मात्र घागरीतल्या पाण्यासारखा एका जागी थांबतो. रफूचा धागा बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या शिवणीच्या आतून, जिथं कुणी बघत नाही तिथून तो उसवून काढायचा, आणि भोकावर एक आड एक विणायचा. काळ्यात काळा धागा डोळ्यांनी कमी, उजेडानं जास्त सापडतो. मावशीचे सासरे पोटासाठी या शहरात आले तेव्हा त्यांनी घर पाहिलंच नव्हतं, खिडकी पाहिली होती. घर तिच्यामागे आपोआप आलं. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या हातात त्यांनी आधी सुई दिली आणि मग किल्ली. आता सासरे नव्हते, नवरा नव्हता, सुई होती. काम करताना मावशी गुणगुणायची:

*सुईच्या नाकातून आला धागा गं परदेशी,*
*कापड म्हणे, इथलाच तू, राहा माझ्यापाशी.*

आज ती गुणगुणत नव्हती.

"पण आत्ताच का?" नकाशेबाईनं विचारलं. "इतकी वर्षं मालकाला सुचलं नाही ते?"

मावशीनं कोटाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "सांगू? रागावशील."

"नाही रागावणार."

"वरची खोली घेताना मालकानं भाडं सांगितलं. तू काय म्हणालीस?"

"ठीक आहे म्हटलं."

"बस्स. तुझं ते 'ठीक आहे' निघालं गल्लीभर फिरायला. न्हाव्याच्या मालकानं ऐकलं, तो म्हणाला, अरेच्चा, एवढं देतात होय! चावीवाल्याच्या मालकानं ऐकलं. त्यांना काय माहीत, आपल्या जागेला एवढं मिळतं ते. तू सांगितलंस तेव्हा कळलं."

"मी मुद्दामच घासाघीस केली नाही, मावशी. मला विद्यापीठाचे पैसे मिळतात. कुणाच्या पोटावर पाय नको म्हणून..."

"हो गं, ठाऊक आहे. तुझं मन चांगलंच आहे." मावशीनं कोट मांडीवर सारखा केला. "मालकानंही आकडा सांगितला तो अर्ध्यावर उतरायचं धरूनच. तोच दचकला. मला येऊन म्हणाला, वहिनी, ती हो म्हणाली! दोन दिवस चेहरा पडला होता त्याचा, आणखी का नाही सांगितलं म्हणून."

मावशी हे सांगताना खदखदून हसली आणि नकाशेबाईच्या कानशिलांतून आग निघाली. तिला उठून कुठंतरी जावंसं वाटलं. ती उठली. साबणाच्या दुकानापर्यंत गेली, परत आली, पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, परत आली. हातात टिपणाचा कागद होता, पण त्यावर काही उतरेना. ज्या ओट्यावर गेल्या महिन्यात तिघी बसायच्या तिथं आता कुंड्या होत्या. मी आले तेव्हा कुंड्या नव्हत्या, ती मनाशी म्हणाली, आणि मग त्या वाक्याचंच तिला भय वाटलं.

दुपारी तिनं मार्गदर्शक बाईंना फोन लावला. बाई शांत, समंजस. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "वाईट आहे खरं. पण हेच तर तू पाहायला गेली आहेस. घडताना पाहायला मिळतंय, हे किती जणांच्या वाट्याला येतं? नीट टिपून ठेव. आणि मधे पडू नकोस. मधे पडलीस तर पुढं जे मोजशील तो तुझाच हात असेल."

"बाई, माझा हात आधीच पडलाय त्यात."

"मग तेही लिही. प्रस्तावनेत."

प्रस्तावनेत! नकाशेबाईनं फोन ठेवला आणि खोलीत येरझारा घालू लागली. खालून मावशीचा आवाज आला, "अगं, माझ्या डोक्यावर दळण घातलंयस का?"

संध्याकाळी मालक पुन्हा आला, या वेळी थेट वर. हातात गुंडाळलेला कागद. चेहरा असा फुललेला की घरात बारसं असावं.

"मॅडम, तुमचं तोंड गोड करायला हवं. कॉफीचं दुकान काढणारी मंडळी तुमच्या विद्यापीठात आली होती म्हणे, तुमचं व्याख्यान ऐकायला. तिथूनच त्यांनी गल्लीचा पत्ता काढला. हे बघा, काचेवर काय रंगवणार आहेत." त्यानं कागद उलगडला. खिडकीचं चित्र होतं, तिच्याएवढी मोठी काच, काचेवर वळणदार अक्षरं: *इथे उन्हाला बसायला जागा आहे.*

वाक्य तिचंच होतं. गल्लीतल्या ओट्यांबद्दल, म्हाताऱ्यांबद्दल, सकाळच्या घटकेबद्दल ती बोलली होती तेव्हा सभागृह हळवं झालं होतं.

"पण त्या खिडकीत ऊन येतच नाही!" ती ओरडली.

"असू दे हो," मालक म्हणाला. "पाटीत येतंय ना."

तो गेल्यावर ती जिना उतरली, दोन-दोन पायऱ्या एकदम. मावशी दिवा लावून भाजी निवडत होती.

"मावशी, माझी खोली तुम्ही घ्या."

"काय?"

"वरची. तुम्ही वर जा. मी जाते."

मावशीनं देठ मोडला, टाकला. "मोठी आली कर्णाची बहीण! तुझी खोली? चार महिने भाडं भरलं म्हणून तुझी? मग मी हयात घालवलीय या घरात, मला अख्खी गल्लीच नावावर करून दे. दान नको मला, पोरी. दान घेतलं की माणूस आयुष्यभर नमस्कार करत बसतो."

"दान नाही हो. चूक झाली माझी."

"चूक तुझी आणि फेड मी घ्यायची? जा, जेव जा."

नकाशेबाई गेली नाही. तिनं समोरची जुडी ओढली आणि निवडायला लागली. पानं एकीकडे, देठ एकीकडे, बराच वेळ. रागातही मावशी तिच्या हातातली किडकी पानं उचलून टाकत होती.

"वरची खिडकी उत्तरेचीच ना?" मावशीनं एकदम विचारलं.

"तुमच्या खिडकीच्या बरोब्बर वर आहे."

"हं." आणखी दोन देठ. "त्याला खाली पुरं दुकान हवंय. अर्ध्या दुकानात कॉफी काय, पाणी पण उकळायचं नाही. म्हणजे माझी सही हवीय त्याला. सहीला किंमत असते."

"तेच म्हणते मी!"

"तू तसं काही म्हणत नव्हतीस, तू रडत होतीस. मी बोलते ते ऐक. मी खालची जागा सोडते, पूर्ण. वरची घेते, पण माझ्या जुन्याच भाड्यात. तुझ्या 'ठीक आहे'च्या भाड्यात नाही. आणि जिना माझा. गिऱ्हाईक वर कुठून येणार, पाइपावरून? फक्त एक अडचण आहे. मला हे त्याच्याशी बोलता येणार नाही."

"का?"

"माझ्या नवऱ्याचा मित्र तो. मी तोंड उघडलं की वहिनी वहिनी करतो, त्याला जुने दिवस आठवतात, डोळे पुसतो, आणि मला दया येते. दोनदा भाडं वाढवून दिलंय मी त्याला, त्याचं रडणं थांबवायला. तू बोल."

"मी? मला तर घासाघीस..."

"येत नाही. ते सगळ्या गल्लीला कळलंय."

मग त्या भाजीच्या ढिगाशी शाळा भरली. मावशी मालक झाली, नकाशेबाई नकाशेबाई. जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही. त्याला नावं ठेवायची, पण अशी की ती खरी असावीत. गप्प बसायचं तेव्हा खरंच गप्प बसायचं, आवंढासुद्धा गिळायचा नाही. आणि शेवटी उठायचं, दाराकडे चालायला लागायचं, मागं वळून बघायचं नाही.

"आणि आभार मानू नकोस गं मधेमधे. तुला सवय आहे. समोरचा नाही म्हणाला तरी तू धन्यवाद म्हणतेस."

मालकाची बैठक गल्लीच्या टोकाला, पंखा कुरकुरत असलेली. दुसऱ्या दिवशी नकाशेबाई तिथं गेली. तिनं मावशीचं म्हणणं मांडलं. मालक हसला.

"वरची खोली जुन्या भाड्यात? मॅडम, तुम्हीच त्या खोलीचं भाडं लावलंत की."

"त्या खोलीची भिंत पापुद्रे टाकते," ती म्हणाली. "सकाळी उठले की केसांत चुना असतो. नळ रात्रभर कण्हतो. खिडकी ढकलावी तेव्हा उघडत नाही आणि वारा आला की आपोआप उघडते."

"तरी तुम्ही राहिलात."

"मी मूर्ख आहे. दुसरी मूर्ख मिळायला वेळ लागेल."

मालक जरा सावरून बसला. हे त्याला अपेक्षित नव्हतं. "बरं, भाड्याचं बघू. वहिनींसाठी. त्यांचा नवरा आणि मी..." त्यानं डोळ्यांकडे रुमाल नेला. नकाशेबाईनं पंख्याकडे बघितलं. रुमाल डोळ्यांपाशी थोडा थांबला आणि कोरडाच खाली आला. "पण जिना नाही. जिन्यात त्यांना झाडं ठेवायचीत. पायरीपायरीवर एकेक."

"मग सही नाही."

"मॅडम, समजून घ्या."

ती उठली. दाराकडे चालली. मागं बघायचं नाही. बाहेर आली, रस्त्यावर आली, आणि मागून हाक आली नाही. मावशीनं इथपर्यंतच शिकवलं होतं. हाक आली नाही तर पुढं काय करायचं, तो धडा झालाच नव्हता. ती चालत राहिली. न्हाव्याचं दुकान गेलं. चूक केली, परत चूक केली, पाय म्हणत होते, आणि पायांना काहीतरी टोचत होतं, तापलेलं.

"मॅडम!" मालक दारात उभा होता. "अहो मॅडम! चपला राहिल्या!"

न्हावी वस्तरा धरून बघत राहिला. नकाशेबाई रस्त्यात अनवाणी उभी, एक पाय दुसऱ्यावर चढवलेला. मालकाच्या हातात तिच्या चपला. आधी न्हाव्याचं गिऱ्हाईक हसलं, मग न्हावी, मग मालकाचं पोट हलू लागलं, आणि हसता हसता त्याला खरंच डोळे पुसावे लागले.

"घ्या," तो चपला खाली ठेवत म्हणाला. "जिना घ्या. झाडं मरू देत. पण महिनाअखेर खालची जागा मोकळी पाहिजे."

"ध..." ती म्हणाली आणि ओठ मिटले.

बाईंना तिनं त्याच दिवशी कळवलं. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "गल्लीचं प्रकरण गाळावं लागेल," त्या म्हणाल्या. "ती जागा आता तुझ्या अभ्यासाची राहिली नाही. तू एक वर्ष मागं गेलीस, हे समजतंय ना तुला?" तिला समजत होतं. पण नव्यानं कुठून सुरू करायचं याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. बसचा मार्ग जिथं संपतो तिथं चावीवाला राहायला गेला होता, गाद्यावालेही तिकडेच कुठंतरी. तिकडे एक खोली मिळत होती. भाडं सांगणारी बाई आकडा बोलली तेव्हा नकाशेबाईनं आधी नळ सोडून बघितला, मग नाक मुरडलं.

सामान हलवायच्या दिवशी मावशीचं वर गेलं आणि नकाशेबाईचं खाली आलं. जिन्यात दोघींची ट्रंक आणि गाठोडं समोरासमोर अडली, तेव्हा मावशी म्हणाली, "आधी चढणाऱ्याला वाट द्यायची असते."

"कुणी सांगितलं?"

"मी चढतेय म्हणून मी सांगितलं."

खाली भिंती खरवडायला माणसं आलीही होती. धूळ जिन्यानं वर येत होती. मावशीनं सगळ्यात आधी पाट मांडला, खिडकीत. बाकी भांडीकुंडी तशीच दाराशी. काळा कोट मांडीवर घेतला, रफू अर्धी राहिलेली. नकाशेबाईच्या बॅगा पायरीवर, बस थोड्या वेळात. ती उंबऱ्यात थांबली.

मावशीनं पडदा बाजूला सारला. पडदा जाड होता. नकाशेबाईनंच लावलेला, संगणकाच्या पडद्यावर चमक येऊ नये म्हणून. चार महिन्यांत दिवसा तो उघडलाच नव्हता. तिला ते आत्ता, या क्षणी आठवलं. या खोलीत दिवसा उजेड कसा असतो, हे तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. दोघींनी मिळून उत्तर दिशेवर सौदा केला होता.

उजेड आत आला. स्वच्छ, थंड, पांढरा. मावशीनं सुई धरली. मग समोरून, पलीकडच्या नव्या इमारतीच्या वरच्या काचांवरून उन्हाचा एक तुकडा उसळला आणि कोटावर येऊन पडला. बाहीवरून कोपराकडे सरकू लागला.

"हे काय आलं?" मावशी म्हणाली.

"समोरच्या काचा आहेत."

मावशीनं पाट डावीकडे सरकवला. तुकडाही वळला, मांजरासारखा मागून आला. तिनं पाट मागं घेतला. तिथं धागा दिसेना. उजवीकडे घेतला, तिथं कपाटाची सावली. नकाशेबाईनं पुढं होऊन कपाट ढकललं. खालून हातोड्याचे घाव. कोपऱ्यातला चुना दोघींच्या डोक्यावर पडला.

"मावशी, मला माहीत नव्हतं. मी पडदा..."

"बोलू नकोस, हलतंय."

पाट पुन्हा सरकला. भिंतीलगत, खिडकीच्या कडेला, जिथं नकाशेबाईनं नकाशा चिकटवला होता आणि आता चार कोपऱ्यांचे डाग उरले होते, तिथं मावशीनं अंग चोरून बैठक मारली. कोट वर धरला. डोळे बारीक केले. ऊन खोलीभर फिरत होतं, पण तिथं येत नव्हतं. अजून तरी येत नव्हतं.

"सकाळी काळं काम होईल इथं," ती म्हणाली.

"आणि दुपारी?"

"दुपारी काचेतलं ऊन फिरेल. मग खाली जिन्यात बसून बघेन. तिथं नाही जमलं तर पांढरं काम घेईन." सुई एकदा आत गेली, बाहेर आली. "संध्याकाळपर्यंत कळेल."

रस्त्याच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. नकाशेबाईनं बॅग उचलली, परत ठेवली, पडदा कड्यांतून ओढून काढला आणि पायानं दाराबाहेर लोटला.

"तुझी बस गेली बघ," मावशी मान वर न करता म्हणाली. "पुढची येईस्तोवर ते कपाट आणखी जरा सरकव. तिकडे नाही गं, इकडे. थांब. नाही, परत."